करवंदाच्या दोन भरण्या

जयवंताबाईनं ओट्यासमोर, भर गल्लीत चूल मांडली त्या सकाळी रोहण्यातल्या अर्ध्या बायांना एकाएकी पाणी भरायची आठवण झाली. रिकामे गुंड कमरेवर घेऊन त्या यायच्या, चुलीपाशी पाय रेंगाळायचा, आणि गुंड तसाच रिकामा घेऊन परत जायच्या. मे महिना होता. ऊन चढत होतं. चुलीवर कल्हई केलेला मोठा गंज होता, त्यात गूळ विरघळत होता, आणि शेजारच्या टोपल्यात पिकून काळीभोर झालेली करवंदं ओल्या फडक्याखाली झाकली होती.

मुरब्बा ही काही गल्लीत घालायची गोष्ट नव्हे. जयवंताला घर होतं, घरात स्वयंपाकघर होतं, त्यात गॅसही होता. पण मुरब्ब्याच्या दिवशी त्या स्वयंपाकघरात तिनं पाऊल टाकायचं नाही असं ठरलं होतं, आणि ते तिनं एक अख्खं साल पाळून पाहिलं होतं.

जयवंता लग्न होऊन रोहण्याला आली ती कारंज्याकडच्या डोंगराखालच्या गावातून. पहिल्या माहेरपणाहून परतताना तिनं करवंदाची रोपं आणली आणि वावराच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेनं, ओळीनं लावली. "लोकांच्या बायका माहेरून भांडे आणतात, माह्या बायकोनं काटे आणले," असं तिचा नवरा तानबा जो भेटेल त्याला सांगायचा. पण त्या काट्यांमुळे रानडुकरं थबकली, ढोरं थबकली, आणि दरसाल उन्हाळ्यात टोपल्यांनी करवंद निघू लागलं.

मुरब्बा तिला सासूनं शिकवला. देवकाबाईची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. ती चुलीपासून हातभर दूर, चौकटीला टेकून बसायची, दोन्ही हात मांडीवर. तिथून सांगायची. देठं काढ. मिठाच्या पाण्यात ठेव, चीक सुटू दे. आता गूळ टाक. आता बोटावर पाक घेऊन बघ, तार येते काय. स्वतः ढवळायचा सराटा कधी हातात घेतला नाही, भरणीला बोट लावलं नाही. नव्या सुनेला वाटायचं, सासूपणा गाजवते आहे. बसल्या जागेवरून हुकूम सोडायला काय लागतं. जयवंता मनातल्या मनात चिडायची, पण हात तिचे होते आणि मुरब्बा उतरत होता, म्हणून चीड फार टिकत नसे.

उन्हाळ्यात भरलेली भरणी उघडायची मार्गशीर्षात, हुडहुडी भरायला लागली की. सकाळच्या गरम भाकरीवर दोन करवंदं आणि ओघळेल इतका पाक. आंबट, गोड आणि शेवटी जिभेच्या कडेला किंचित तुरट. कोणाला खोकला झाला की वाटी यायची, कोणाच्या तोंडची चव गेली की वाटी यायची, आणि गावात कोणी पोटुशी असली तर भरणी दिवाळीतच उघडावी लागायची. कोणी त्याला जयवंताबाईचा मुरब्बा म्हणत नसे, नुसतं 'तिचं करवंद' म्हणत, आणि सगळ्यांना कळायचं.

मग एका पौषात तानबा गेला. वावरातून आला, छातीत कळ निघते म्हणाला, आर्वीला नेईस्तोवर सगळं आटोपलं होतं. बाया जमल्या. जयवंताचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. तिनं हात पुढं केले नाहीत आणि मागंही घेतले नाहीत. त्या वेळी ते हात तिला आपले वाटतच नव्हते.

उन्हाळा आला तशी करवंदं पिकली. त्यांना काय माहीत कोण गेलं ते. जयवंता टोपलं भरून घरी आली, तर मोठी जाऊ प्रमिलाबाई दारातच उभी होती. तिनं टोपलं हातातून घेतलं.

"राहू दे वं. या साली मी घालतो मुरब्बा."

"तुमाले कुठं येते, बाई?"

"येईन. न यायले काय झालं?" प्रमिलाबाईनं नजर चुकवली. "सवाशिणीच्या हातचं टिकते, जयवंता. माह्या मनात काई नाई. पण सालभराची चीज हाये, घरात लेकरंबाळं हायेत."

आतून देवकाबाई म्हणाली, "तुले काई म्हणून नाई राह्यले आमी. रीत हाये ते."

 स्वयंपाकघरातून गुळाचा वास आला तेव्हा ती दारापर्यंत गेली. प्रमिलाबाई भरणी भरत होती; पाक अजून कच्चा होता, करवंदांचा चीक पुरता निघाला नव्हता, ते तिला लांबूनच दिसलं. ती उंबऱ्याशी थांबली. सांगावं की नाही, याचा विचार करत थोडा वेळ उभी राहिली आणि वळली.

भाद्रपदात ती भरणी फसफसली. झाकणाखालून फेस आला, फडक्यावर डाग पडला, आणि घरभर आंबूस वास सुटला. प्रमिलाबाईनं भरणी अंगणात आणून ठेवली. शेजारच्या दोघी आल्या. कोणी काय चुकलं ते विचारलं नाही.

"भरताना तू दारात उभी होती," प्रमिलाबाई म्हणाली. "मी पायलं होतं. सावली पडली तुही."

मुरब्बा घालू दिला नाही, ते जयवंतानं गिळलं होतं. तानबाच्या मागोमाग जे जे गेलं त्यातलंच हेही एक, असं तिनं धरलं होतं. पण ज्याला हातही लावला नाही ते आपल्यामुळे नासलं, हे मात्र तिला गिळता आलं नाही. तिची मुलगी आचल आर्वीच्या कॉलेजातून तेव्हाच घरी आली होती. ती आईचा दंड धरायला पुढं झाली, तर आईचा आवाज अगदी शांत होता.

"माही सावली एवढी जबर हाये, तं पुढच्या साली मीच घालतो. नुसती सावली कायले पाडू? हातच लावतो."

"घरात नाई चालणार," प्रमिलाबाई म्हणाली.

"मंग घराभायेर घालीन."

सगळ्यांना वाटलं, रागात बोलली. थंडीत त्या साली घरात मुरब्बा नव्हता. गावातून दोघीतिघी वाटी मागायला आल्या आणि तशाच गेल्या.

आणि आता ती गल्लीत चूल पेटवून बसली होती. जळणाचा प्रश्न भासऱ्यानं, म्हणजे प्रमिलाबाईच्या नवऱ्यानं सोडवला होता. बाबाराव तिच्याशी कधी समोरासमोर बोलत नसे, ती रीतच होती. पहाटे त्यानं पऱ्हाटीचा भारा ओट्याजवळ आणून टाकला आणि ढोरं सोडून निघून गेला. का, ते बायकोनंही त्याला विचारलं नाही.

पाकाला उकळी आली तशी देवकाबाई काठी टेकत बाहेर आली. गल्लीतल्या बाया गुंडांसकट जागच्या जागी थांबल्या.

"जयवंता, उठ. तमाशा करून राह्यली तू."

"मुरब्बा करून राह्यलो, आत्याबाई."

"रांडव बाईनं भरणी भरू नाई. तुले सांगतलं कोनी नाई काय?"

"सांगतलं न. तुमीच सांगतलं."

"मंग?" देवकाबाईचा आवाज चढला आणि मध्येच चिरकला. "तुह्या सासऱ्याले जाऊन तीस वर्सं झाले. तीस वर्सं मी भरणीले हात नाई लावला. मले येत नवता काय मुरब्बा? माह्या हाताले चव नवती? तू कोन मोठी लागून गेली?"

जयवंताचा सराटा थांबला. चौकटीला टेकलेली सासू, मांडीवर ठेवलेले दोन हात, लांबून दिलेले हुकूम, ते सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं, आणि आजवर तिनं ते उलटंच वाचलं होतं हे कळलं. सासू हुकूम सोडत नव्हती. आपल्या हातांना आवरून बसली होती.

"आत्याबाई," ती हळू म्हणाली, "मले वाटे तुमी सासूपणा करता. आज समजलं मले."

"समजलं न? मंग उठ."

"समजलं म्हणूनच उठत नाई. तुमी भोगलं ते भोगलं. तुमाले कोनी इचारलं नाई. मी काऊन भोगू? अन् उद्या माही आचल काऊन भोगीन?"

"पोरीचं नाव घेऊ नको यात," ओट्यावरून प्रमिलाबाई म्हणाली. "उद्या तिले पायाले लोकं येतीन. मायचे हे चाळे ऐकून कोन करीन तिले?"

आचल गूळ फोडत बसली होती. तिनं मान वर केली. "काकू, मुरब्ब्याले भेणारं घर मलेही नाई पायजे."

कोणीतरी हसलं आणि लगेच पदरात तोंड लपवलं. देवकाबाई जयवंताकडं बघत राहिली.  शेवटी ती वळली. काठीचे दोन ठोके पडले आणि थांबले.

"खाली लागून राह्यलं," ती मागं न बघता म्हणाली. "हालव."

जयवंतानं सराटा फिरवला. खरंच लागत आलं होतं.

दुपार उतरेस्तोवर पाक तारेवर आला. आदल्या दिवशी उन्हात कडकडीत वाळवलेल्या दोन भरण्या तिनं ओट्यावर मांडल्या आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भरल्या. झाकणं लावली, फडकी बांधली, आणि भरण्या स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवल्या. त्या दिवसापासून देवकाबाईनं तिच्या हातचं जेवण सोडलं. प्रमिलाबाईच्या हातचं जेवू लागली.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत एक ठराव आला. विधवांच्या वाईट चालीरीती गावानं बंद कराव्यात, असं त्यात होतं. बाहेर बऱ्याच गावांनी असे ठराव केले होते, म्हणून रोहण्यानंही करायचं ठरवलं. सरपंच बाई होती, पण कारभार तिचा नवरा बंडूजी बघायचा. त्यानं जयवंताला आवर्जून निरोप धाडला, वहिनी, समोर बसजा, फोटो काढायचा हाये. ठराव वाचला गेला, टाळ्या पडल्या. बंडूजी गुलाबाचं फूल घेऊन तिच्याकडं आला.

जयवंता उभी राहिली. फूल तिनं घेतलं नाही.

"ठराव झाला, चांगलं झालं," ती म्हणाली. "एकच इचारतो. येत्या संक्रांतीले सरपंचबाईच्या घरच्या हळदीकुंकवाले मले बलावणं येईन काय?"

 सरपंचबाई पायाकडं बघत होती. बंडूजी हसला. "येईन न वहिनी. काऊन नाई येणार?"

"मंग फोटो तवाच काढू," असं म्हणून ती खाली बसली.

पावसाळ्याचे दिवस मात्र तिला जड गेले. गल्लीत, सभेत ती ताठ होती. पण खोलीत एकटी असली की तिची नजर भरण्यांकडं जायची. झड लागली की भिंती ओल धरायच्या आणि तिला वाटायचं, आतून फेस येत असेल. फडकं सोडून बघावं असं कितीदा मनात आलं. पण दमट हवेत भरणी उघडली तर जे नासायचं नाही तेही नासेल, हे तिला ठाऊक होतं. शिवाय भीती वेगळीच होती. लहानपणापासून जे कानावर पडलं ते तोंडानं नाकारता येतं. पोटातून ते लवकर जात नाही. खरंच असलं तर? हा प्रश्न तिनं आचललाही सांगितला नाही. दिवाळीत प्रमिलाबाईनं सहज विचारल्यासारखं केलं, "बघतलं काय उघडून?" जयवंता म्हणाली, "थंडी पडू द्या. सगळ्यांसमोर उघडीन."

हे बोलून गेल्यावर मागं फिरायची वाट उरली नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी तिनं दोन्ही भरण्या ओट्यावर आणल्या. गल्लीत कुणाला निरोप द्यावा लागला नाही. ऊन खायला म्हणून बाया आल्याच. प्रमिलाबाई दारात होती, देवकाबाई तिच्या मागं. जयवंतानं पहिल्या भरणीचं फडकं सोडलं आणि झाकण उचललं.

आत बुरशी होती. पाकावर पांढुरकी, हिरवट साय धरल्यासारखी, काठापर्यंत.

 एकीनं "अगं माय" असं पुटपुटून तोंडावर हात ठेवला. प्रमिलाबाईच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे जयवंतानं पाहिलं. तिथं सुटका होती, आपलं खरं ठरल्याची. आचलनं आईच्या पाठीला हात लावला. 

जयवंतानं झाकण उन्हात धरून फिरवलं. कडेला केसाएवढी चीर होती. ती तिनं कोणाला दाखवली नाही; सबब सांगते म्हणाल्या असत्या. झाकण बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या भरणीची गाठ सोडली.

करवंदं पाकात जशी ठेवली तशी होती, टचटचीत, काळी, वर दाट तांबडा पाक. वास गल्लीभर गेला.

तेव्हा ती उभी राहिली. दोन्ही हात तिनं पुढं केले.

"दोन्ही भरण्या याच हातांनी भरल्या. एकाच दिवशी, एकाच गंजातून. तुमी सगळ्या होत्या इथं. एक नासली, एक टिकली. आता सांगा, रांडवेचा हात कोनत्या भरणीले लागला?"

 देवकाबाई प्रमिलाबाईला बाजूला सारून पुढं आली. बुरसलेल्या भरणीत तिनं वाकून बघितलं, बराच वेळ.

"माह्या लग्नानंतरच्या दुसऱ्या साली," ती म्हणाली, "माही भरणी अशीच बुरसली होती. तवा मी सवाशीण होतो. हातभर बांगड्या होत्या. सासूनं कोनाले सांगू नाई दिलं. वावरात नेऊन पुरली आमी दोघींनी."

एवढं बोलून ती आत गेली. वाटी तिनं मागितली नाही आणि त्या दिवशी जयवंताच्या हातचं जेवलीही नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईनं पन्नास वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट भर गल्लीत बोलून टाकली होती, आणि ती आता परत आत ढकलता येत नव्हती.

संक्रांत आली. सरपंचबाईच्या घरून बोलावणं आलं नाही. जयवंतानं वाट बघितली नाही. तिनं आपल्याच ओट्यावर सतरंजी टाकली, हळदीचं आणि कुंकवाचं तबक ठेवलं, आणि वाण म्हणून प्रत्येकीला वाटीभर मुरब्बा. सगळं गाव लोटलं असं झालं नाही. शेजारची पंचफुला आली, तिचाही नवरा कधीचाच गेला होता. जयवंतानं तिला कुंकू लावायला बोट उचललं तशी ती मागं सरली, "मले नोको, मले भेव वाटते," म्हणाली, आणि मग स्वतःच कपाळ पुढं केलं. दोनचार लेकुरवाळ्या सुना सासवांना न सांगता आल्या. बाकीच्यांनी मागच्या दारानं डबे पाठवले. चव सगळ्यांना हवी होती, पण कोणी बघू नये अशी.

ते सगळे डबे जयवंतानं रिकामे परत केले. "समोरून या," एवढाच निरोप. प्रमिलाबाईनंच चिडून म्हटलं, "माणसानं एवढं ताठ असू नाई. लोकं घेऊन राह्यले, हे काय कमी हाये?"

"लपून घेतलं तं मी लपूनच राह्यलो, बाई. मले ते नाई पायजे."

माघात सरपंचबाईची लेक वर्षाली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिला अन्न बघवत नव्हतं. एके दिवशी त्यांच्या घरी कामाला असणारी बाई मागच्या दाराशी स्टीलचा डबा घेऊन उभी राहिली. "मालकिणीनं सांगतलं, पोरीसाठी थोडं करवंद द्या. कोनाले सांगू नका."

 पोटुशी पोर होती, आणि तिच्याशी काही वैर नव्हतं. तरी तिनं डबा परत दिला. "मालकिणीले सांग, लेकीले घेऊन समोरून ये. पायजे तेवढं खाऊ घालतो."

प्रमिलाबाई म्हणाली, हे पाप आहे. आचलसुद्धा म्हणाली, "आई, त्या पोरीची काय चूक?" जयवंता त्या दिवशी जेवली नाही. आपण ज्या वाकड्या रीतीशी भांडतो तिच्यासारखेच आपण निष्ठुर तर झालो नाही ना, हे तिला आतून कुरतडत होतं. पण डबा तिनं भरला नाही.

दोन दिवसांनी सकाळी गल्लीतून वर्षाली आली. एकटी, शाल पांघरून, पोटावर हात, सावकाश. आई बरोबर नव्हती. ओट्याशी आली आणि म्हणाली, "काकू, माय नाई येत म्हणते. मी आली. चालते काय?"

"चालते, माय. बस."

वर्षाली ओट्यावर उन्हात बसली. जयवंतानं भाकर टाकली, वाटी भरली. विधवेच्या हातचं, पहिलटकरणीनं, भर रस्त्यात खावं, अशी गावात कोणी कल्पनाही केली नसती, आणि ती पोर बोटं चाटत खात होती. बंडूजी मोटरसायकलवरून गेला, लेकीला पाहून थबकला आणि तसाच पुढं गेला. प्रमिलाबाई दारात आली, बघितलं, आत गेली, आणि लिंबाचं लोणचं घेऊन आली. "आंबट आवडते न तुले?" असं म्हणून तिनं ते वर्षालीच्या ताटात वाढलं, जयवंताकडं न बघता.

वर्षालीला फाल्गुनात मुलगी झाली, बाळ-बाळंतीण दोघी ठणठणीत. सरपंचबाईनं बारशाचं बोलावणं केलं. या खेपेला ती स्वतः आली, समोरून. जयवंता गेली. पाळण्याजवळ तिला बसवायचं की नाही, यावरून तिथं दोन म्हाताऱ्यांचं बिनसलं म्हणतात, पण ती बसली.

देवकाबाई अजून आहे. मे महिन्यात चूल आजही गल्लीतच पेटते. प्रमिलाबाईनं घरात घाल म्हणून सांगून पाहिलं, जयवंता ऐकत नाही. म्हातारी चुलीपाशी पाटावर येऊन बसते आणि करवंदांची देठं काढते, चिकानं बोटं काळी होईस्तोवर. भरणी भरायची वेळ आली की जयवंता सराटा तिच्यापुढं धरते. देवकाबाई दरसाल मान हलवते, नाही म्हणते. जयवंता दरसाल धरते.